‘मला जमणारच नाही’ ही समजूत तपासावी कशी

‘मला चारचौघांत बोलता येत नाही’ असे एखादे वाक्य वर्षानुवर्षे मनात घोळत राहिले, की ते आपले मत न राहता आपला स्वभावच वाटू लागते. अशा वेळी ‘मी उत्तम वक्ता आहे’ असे रोज आरशासमोर म्हणण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते तो टाळलेलाच बरा. मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांच्या मनात स्वतःविषयी आधीच कमीपणाची भावना होती, त्यांना स्वतःची स्तुती करणारे वाक्य घोकल्यावर उलट अधिक वाईट वाटले होते. न पटणारी गोष्ट मनावर लादली, की मन तिच्याविरुद्धचे दाखले शोधू लागते.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी आणि घडलेली घटना व तिच्यावरून काढलेला निष्कर्ष वेगवेगळे लिहावेत. ‘सोसायटीच्या सभेत पाण्याच्या बिलाबद्दल बोलायला उठले, दोन वाक्यांनंतर आवाज कापला आणि खाली बसले’ ही झाली घटना. ‘मला बोलताच येत नाही, सगळे मनातून हसले असतील’ हा झाला निष्कर्ष. यातील ‘बोलताच येत नाही’, ‘सगळे’ अशा शब्दांखाली रेघ ओढावी, कारण अतिशयोक्ती बहुधा तिथेच दडलेली असते. नंतर खरोखर कोण हसले ते आठवून लिहावे आणि विरुद्ध बाजूचे पुरावेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवावेत: बहिणीच्या लग्नात मांडववाल्याशी घासाघीस कोणी केली, शेजारच्या मुलाला भूमिती कोणी समजावली? या सगळ्यातून जे नवे वाक्य तयार होईल ते भपकेबाज नसावे, पण पटणारे असावे. जसे, ‘ओळखीच्या माणसांत मी नीट बोलते, सभेत सुरुवातीला आवाज कापतो, तरी मुद्दे लिहून नेले तर मला ते पूर्ण मांडता येतील.’

नवे वाक्य कृतीत उतरल्याशिवाय मुरत नाही. १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती (अविवेकी समजुती तपासून बदलण्याची पद्धत) मांडणाऱ्या आणि मराठी वाचकांना लेखक कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित झालेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी हा उपाय एकोणिसाव्या वर्षीच स्वतःवर करून पाहिला होता. मुलींशी बोलण्याची त्यांना विलक्षण भीती वाटे, म्हणून न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या सुमारे शंभर स्त्रियांशी ते महिनाभरात स्वतःहून बोलले. त्यातून एकच भेट ठरली आणि तीही प्रत्यक्षात झाली नाही. भीती मात्र ओसरली, कारण नकारामुळे आकाश कोसळत नाही हे त्यांनी अनुभवले. आपण एवढी मोठी उडी घेण्याची गरज नाही. पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारावा आणि घरी आल्यावर प्रत्यक्ष काय घडले ते त्याच वहीत लिहावे.

मात्र झोप आणि भूक उडाली असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर वहीवर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.