बाइकला लाइट, हॉर्न, चार्जर जोडताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की मुंबईवरून बाइक घेऊन येणारी पोरं घाटातल्या धुक्यासाठी फॉग लाइट मागवतात, घरच्या अंगणात बसून अर्ध्या तासात जोडतात आणि मग आमच्याकडे रत्नागिरीत गाडी ढकलत आणतात. चूक बहुतेक वेळा एकच असते, फ्यूज नसतो, किंवा असतो तो चुकीच्या जागी.

दोनेक वर्षांपूर्वी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी रात्री शेजारच्या पोराचा आरे-वारेच्या रस्त्यावरून फोन आला, "काका, टाकीखालून धूर येतोय." त्याला म्हटलं चावी बंद कर आणि लांब हो, तर म्हणाला चावी बंदच आहे तरी येतोय. येणारच, त्याने वायर सरळ बॅटरीवरून काढली होती, तिला चावीशी देणंघेणंच नव्हतं. मी पोचलो तोपर्यंत कोणाकडून तरी १० नंबरचा पाना मिळवून त्याने टर्मिनल सोडवलं होतं म्हणून गाडी वाचली, पण मेन वायरिंग टाकीखाली वितळून गोळा झालं होतं. कारण काय तर स्टिअरिंगच्या मानेपाशी त्याची पॉझिटिव्ह वायर फ्रेमला घासत होती, हँडल वळवून वळवून कव्हर सोललं आणि तांबं फ्रेमला टेकलं. फ्यूज त्याने लावला होता हो, पण पुढे लाइटजवळ! शॉर्ट झाला त्याच्या आधीच, मग तो फ्यूज उडणार कसा? फ्यूज वायरीला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात पाहिजे म्हणजे पाहिजे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर, त्याला १५चा फ्यूज आणि दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर मी वापरतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून ३०चा टाकणारे किंवा तांब्याची तार गुंडाळणारे लोक बघितले की माझं डोकंच फिरतं. फ्यूज उडतोय म्हणजे वायर काहीतरी सांगत्येय, आधी ते शोधा.

आणि वायर बांधून झाली की हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा. कुठे ताणते, कुठे चिमटते ते टाकी बसवायच्या आधी बघा.

दुसरी चूक आपल्या किनाऱ्यावर जास्तच महागात पडते, ती म्हणजे वायरी पिळून वर काळी टेप. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बाकीचे दिवस खारा वारा. टेपेचा गोंद उन्हात सुटतो, आत पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तांब्यावर हिरवा थर चढतो, मग जोड गरम होतो, लाइट मंद होते, आणि लोक बल्ब बदलत बसतात. मी वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूचं टोपण, पक्कडीने नीट दाबून क्रिंप करतो, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवतो आणि जोडाआधी वायरीला खाली एक झोळ देतो म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. टर्मिनल घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. नुसतं सोल्डर मला पटत नाही, सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने तुटते.

हेडलाइटच्या वायरीतून सप्लाय उचलू नका, गाडीचा नाजूक स्विच जळतो. रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी स्विचची डबी, तिच्या पायांवर नंबर असतात: ३० वर फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून लाइट, ८६ ला चावीनंतरचा सप्लाय स्विचमधून, ८५ अर्थ, म्हणजे गाडीच्या फ्रेमला. शिवाय बऱ्याच जुन्या कम्यूटर गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनच्या कॉइलच्या एसी करंटवर चालते, तिथे एलईडी जोडली तर टिकत नाही.

अर्थ रंगावर मारू नका, खरवडून चकचकीत पत्रा लागतो.

बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

छोट्या गाडीचं चार्जिंग ११० वॅट जादा पेलत नाही. सगळं चालू करून, इंजिन थोडं रेस ठेवून बॅटरीवर मीटर लावा, १३ व्होल्टच्या खाली दिसलं तर बॅटरी खाली होत्येय, मग कमी वॅटची एलईडी घ्या.

राहिला यूएसबी चार्जर. मोबाइल नसला तरी तो थोडं खातोच, २० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. गणपतीनंतर गाडी गावच्या पडवीत शिमग्यापर्यंत उभी राहते, ५ अँपिअर-अवरची बॅटरी दहा दिवसांत संपते आणि तशीच पडून राहिली की मरते. म्हणून चार्जरही चावीनंतरच्या सप्लायवरूनच घ्या, आणि मुंबईला निघताना बॅटरीचं निगेटिव्ह काढून टेप लावून ठेवा.