ट्रान्सफरच्या बातमीमागचा हिशेब कसा मांडावा

शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा फुटबॉल सामना पाहून परतलेला कोल्हापूरकर रात्री इंग्लंडची प्रीमियर लीगही तितक्याच ईर्ष्येने पाहतो. मात्र जून उजाडला, की मालकाकडे एवढा पैसा असताना आपला क्लब हातचा खेळाडू का विकतो, हा प्रश्न कट्ट्यावर हटकून निघतो. त्याचे उत्तर मालकाच्या तिजोरीत नसून खर्चाच्या नियमांत असते, आणि ते पाठकोऱ्या कागदावरही काढता येते.

बातमीतील रक्कम प्रथम कराराच्या वर्षांनी भागावी. 6 कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतलेल्या खेळाडूचा वार्षिक खर्च 1 कोटी 20 लाख पौंड धरला जातो. त्यात पगार मिळवावा. चेल्सी क्लबने जानेवारी 2023 मध्ये मिखाइलो मुद्रिक या खेळाडूशी साडेआठ वर्षांचा करार केला, तेव्हा भाजक वाढवण्याची ही युक्ती सर्वांच्या डोळ्यांत भरली. पुढे युएफाने (युरोपच्या फुटबॉल महासंघाने) आणि पाठोपाठ प्रीमियर लीगने ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली.

विक्रीचा हिशेब उलटा असतो. वरील खेळाडूची दोन वर्षांनी वहीतील किंमत, म्हणजे खर्ची न पडलेली रक्कम, 3 कोटी 60 लाख उरते. तो 4 कोटींना विकला, तर खरेदीपेक्षा 2 कोटी कमी मिळूनही क्लबला त्याच वर्षी 40 लाखांचा नफा दाखवता येतो. अकादमीत घडलेल्या मुलाची वहीतील किंमत जवळजवळ शून्य असल्याने त्याची संपूर्ण रक्कम नफ्यात जाते. चेल्सीने 2023 मध्ये मेसन माउंट आणि न्यूकॅसलने 2024 मध्ये एलियट अँडरसन विकला, त्या व्यवहारांकडे या नजरेने पाहावे. आपल्याकडे तालमीच्या अंगणात वाढलेल्या पोराला पेठ सहजासहजी सोडत नाही; तिकडच्या वहीत मात्र तोच विकायला सर्वांत सोयीचा ठरतो, आणि या नियमांचा हाच परिणाम मला सर्वाधिक खटकतो.

यानंतर मर्यादा आणि तारीख पाहावी. प्रीमियर लीगच्या 2025-26 पर्यंतच्या नियमानुसार तीन वर्षांत कमाल 10.5 कोटी पौंडांचा तोटा चालत असे. अकादमी, महिला संघ आणि मैदानाचे बांधकाम यांचा खर्च त्यातून वगळला जाई. नॉटिंगहॅम फॉरेस्ट त्यातील काही काळ खालच्या विभागात असल्याने त्यांची मर्यादा 6.1 कोटी होती. त्यांनी ब्रेनन जॉन्सन या खेळाडूला हिशेबाचे वर्ष संपण्याआधी, म्हणजे 30 जूनपूर्वी न विकता 1 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅमला विकले. उशीर केल्याने भाव चांगला मिळाला, हा युक्तिवाद टिकला नाही आणि मार्च 2024 मध्ये त्यांचे चार गुण कापले गेले. युएफाच्या स्पर्धांत वेगळी अट आहे: संघावरील खर्च मिळकतीच्या 70 टक्क्यांच्या आत हवा.

स्पेनमध्ये वर्ष संपण्याची वाटही पाहत नाहीत. तेथे लीग आधीच पगाराची मर्यादा ठरवते आणि ती ओलांडणाऱ्याची नोंदणीच अडते. ऑगस्ट 2021 मध्ये मेस्सी बार्सिलोनातून गेला तो यामुळेच. केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे) नोंदणी नसलेला खेळाडू कितीही नामांकित असला तरी मैदानात उतरू शकत नाही, हे कोल्हापुरात वेगळे सांगायला नको. म्हणून बार्सिलोनाच्या बाबतीत सहीच्या छायाचित्रावर विसंबू नये. 2024 मध्ये आलेल्या दानी ओल्मोची नोंदणी वर्षअखेरीस संपली आणि जानेवारी 2025 मध्ये तेथील क्रीडा परिषदेचा तात्पुरता आदेश आल्यावरच तो पुन्हा खेळू शकला.