कयाक घेऊन गरवायला जाताय? या चुका टाळा

कयाक फिशिंगचा, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीतून गळाने मासे धरण्याचा विषय निघाला की लोक रॉड कुठला, रील कुठलं, लुअर (खोटं आमिष) कुठलं यावर तासभर बोलतात आणि परत कसं यायचं यावर कोणी बोलतच नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांमध्ये जे काही बिघडतं ते बहुतेक इथूनच बिघडतं, म्हणून मी सुरुवात तिथूनच करतोय.

वारा न बघता निघणं

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, किनाऱ्याजवळ पाणी एकदम शांत दिसतं आणि तुम्ही नुसते गळ टाकून बसलात तरी कयाक हळूहळू बाहेर सरकत असते, ते लक्षातच येत नाही. मग अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुटतो, हिवाळा-उन्हाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून येतो आणि बघता बघता पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागतात. सकाळी मजेत दक्षिणेला लांब गेलेला माणूस तेव्हा वारा तोंडावर घेऊन वल्हवत बसतो, डोक्यावर ऊन, बाटलीतलं पाणी संपलेलं. म्हणून जाताना उत्तरेकडे जा, मेहनत ताजेपणी करा, येताना वारा पाठीशी राहतो. आणि दहा-साडेदहाला गाशा गुंडाळा, मासा लागत असला तरी.

भरती-ओहोटी फक्त मोबाईलवर बघणं

ॲप वापराच, पण तिथीची पाऊणपट करायची सवयही ठेवा. पंचमी असेल तर 5 गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती, तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी, जागेनुसार थोडं मागेपुढे. खाडीत आत गेलात की पाणी तोंडापेक्षा उशिरा फिरतं हेही धरा. मुंबई-अलिबागकडे उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी 4 मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मालवण-गोव्याकडे साधारण त्याच्या निम्मं. त्यामुळे अलिबागच्या बाजूला खाडीच्या फाट्यात उशिरापर्यंत थांबलात तर पाणी निघून जातं आणि तुम्ही कयाकसकट चिखलात. अशा वेळी उतरून ओढत न्यायला जाऊ नका, मांडीपर्यंत पाय रुततो. कयाकवरच बसून भरतीची वाट बघायची, दुसरा शहाणपणा नाही.

सगळ्यात धोक्याची जागा खाडीचं तोंड. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे उधाणाच्या ओहोटीला उभं राहून बघा, आतलं पाणी जोरात बाहेर निघालेलं असतं आणि समोरून लाट येत असते, दोन्ही भिडले की लाट जागच्या जागी उभी राहते आणि फुटते. भांगाच्या दिवसात, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, तीच जागा अगदी साधी वाटते, म्हणून लोक फसतात. तोंडातून बाहेर पडायचंच असेल तर पूर्ण भरतीच्या आगेमागे पाणी थबकतं तेवढ्यात जा आणि ओहोटीला जोर यायच्या आत परत या.

नांगर मध्यावर बांधणं

हे मी जास्त वेळ सांगणार कारण कयाक उलटायचं हे मोठं कारण आहे. सीटशेजारी हूक हाताशी असतो म्हणून लोक दोरी तिथेच अडकवतात. ओढीच्या पाण्यात मग कयाक आडवी होते, दोरी एक बाजू खाली खेचते, पाणी दुसऱ्या बाजूने दाबतं आणि दोन सेकंदात तुम्ही पाण्यात. दोरी कायम पुढच्या किंवा मागच्या टोकाला न्यायची, त्यासाठी बाजूने पुली-दोरी बसवून घ्या. दोरीला फ्लोट लावा, म्हणजे नांगर अडकला किंवा मोठा मासा लागला तर दोरी सरळ सोडून देता येते. हाताशी सुरी असूदे. पाण्याला ओढ फारच असेल तर नांगर टाकूच नका.

उलटल्यावर परत चढता येतं का हे कमरेएवढ्या पाण्यात आधी करून बघा, लाईफ जॅकेट घालून आणि सगळं सामान बांधून. पाय मागे मारत पोटावर आडवं चढायचं, मग वळून बसायचं. मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये अंगावर, कयाकवर नाही, आणि त्यात कोस्ट गार्डचा 1554 सेव्ह केलेला.

मासा लागतो पण सुटतो

जिताडा, गोव्यात चोणक म्हणतात तो, लागून सुटत असेल तर लीडरचं, म्हणजे गळाजवळच्या जाड दोरीच्या तुकड्याचं, टोक बघा. चिरल्यासारखं कापलं असेल तर कल्ल्याच्या धारदार कडेने कापलंय, 40 ते 60 पौंडाचा लीडर लावा. तांबोशीचं वेगळं, ती लागल्या लागल्या दगडात नाहीतर कांदळवनाच्या मुळात घुसते आणि कयाक हलकी असल्यामुळे तुम्हालाही सोबत ओढते. तिथे नुसता ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळून उपयोग नाही, गळ टाकायच्या आधीच कयाकचं तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवा आणि मासा लागला की एका हाताने वल्हं मारून मोकळ्या पाण्यात निघा.

शिंगाळा आणि पाकट हाताने धरू नका, दोघांचे काटे विषारी. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. उथळ पाण्यात चढता-उतरताना पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूतली पाकट आधीच पळते.

मासा उन्हात ठेवणं

सुरमई, बांगडा, कुपा असले मासे उन्हात तापले की त्यांच्यात हिस्टामाईन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. घरी गेल्यावर तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतं. बर्फ न नेता मोठा मासा मारण्यात काय अर्थ आहे? इन्सुलेटेड बॅगेत बर्फ आणि थोडं खारं पाणी, मासा पकडल्याबरोबर रक्त काढून त्यात.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर लांबून वळसा घ्या. ते त्यांचं पोट आहे, आधी रापणकरांना विचारा, बहुतेक वेळा तेच चांगली जागा सांगतात. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास त्याचा गाभा भाग येतो, तिथे गळ टाकायचा नाही. आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीच्या काळात कयाक घरीच ठेवा, बंदी यांत्रिक होड्यांना असली तरी समुद्र त्या वेळी कयाकचा नाहीच आणि जवळपास मदतीला होडीही नसते.

रीलचा ड्रॅग मध्येच अडकत असेल तर नव्वद टक्के वेळा मीठ. घरी आल्यावर ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, पाईपचा जोर नको, त्याने मीठ आत जातं. पुसा, सावलीत वाळवा, मग ड्रॅग सैल करून ठेवा.