आयरिस लावताय? या चुका टाळा

न्यू जर्सी असो की लंडन, मराठी घराच्या अंगणातला आयरिस फुलत नसेल तर आधी कंद किती खोल गाडलाय ते बघा. आपला हात हळद-आल्याला माती चढवणारा. तीच माया दाढीवाल्या, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या, आयरिसला नडते. त्याच्या आडव्या कंदाची पाठ उन्हात उघडी हवी, मुळं तेवढी मातीत. माती चिकण असेल तर उंचवटा करून लावा. ऊन किमान 6 तास.

पानं भरघोस, पण फूल एकही नाही? मग बहुधा लॉनला टाकलेल्या खतातलं नत्र तिथवर पोचलंय. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि कंद सडायची भीती वाढते. सडका कंद बोटाने दाबला की पचकतो, वासही घाण येतो. तो उकरून पांढरा, टणक भाग लागेपर्यंत खरवडा, उन्हात वाळवा आणि दुसऱ्या जागी लावा.

गेल्या वर्षी फुललेला कंद यंदा रुसला म्हणून त्याची मनधरणी करू नका. एक कंद एकदाच फुलतो, पुढची फुलं त्याच्या कडेच्या पिल्लांना येतात. म्हणून दर 3-4 वर्षांनी, बहर संपल्यावर 6-8 आठवड्यांनी, मधला म्हातारा भाग काढून पिल्लं वेगळी लावायची. पानं छाटायची तीही तेव्हाच, एरवी हिरव्या पानांना कात्री नको.

सायबेरियन आणि जपानी आयरिसला हे नियम लावू नका. त्यांना ओल आवडते.

‘माझा गुलाबी आयरिस जांभळा झाला’ ही तक्रार तर ठरलेलीच. अहो, तो बदलला नाही! शेजारच्या दांडग्या जांभळ्याने नाजूक गुलाबीला हुसकावलं असेल, नाहीतर बोंडातलं बी पडून नवीनच रोप आलं असेल. बियांचं रोप आईवर जाईलच असं नाही. म्हणून सुकलेल्या फुलाखाली फुगलेली बोंडं वेळीच खुडा.

पण खुडण्याआधी एखाद्या फुलापुढे बसून बघा. तीन पाकळ्या वर, तीन खाली, खालच्या प्रत्येकीवर केसाळ दाढी. त्या दाढीवरून भुंगा आत शिरतो. दाढीच्या वर स्त्रीकेसराची पाकळीसारखी कमान असते. तिच्या टोकाशी एक बारीक ओठ असतो, तो भुंग्याच्या पाठीवरचे आधीच्या फुलातले पराग खरवडून घेतो. भुंगा परत निघताना तोच ओठ मिटलेला राहतो, त्यामुळे त्याच कमानीखालचे पराग त्याला सहसा लागत नाहीत.

हे एकदा दिसलं की भुंग्याचं काम आपणही करावंसं वाटतंच. जरूर करा. चिमट्याने एका जातीचे पराग दुसरीच्या ओठावर लावा, फुलाच्या देठाला दोन्ही नावांची चिठ्ठी बांधा आणि तेवढं एक बोंड राखा. बी रुजल्यापासून फुलायला 2-3 वर्षं लागतात. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई पावसात जाते.