आर्टिकलशिपमध्ये फेअर व्हॅल्यू तपासताना

आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होताना करायच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षी एका कंपनीच्या ऑडिटमध्ये गुंतवणुकीचं शेड्यूल माझ्याकडे आलं. लिस्टेड शेअर, दुसऱ्या एका कंपनीचे बाँड आणि एका अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या, कंपनीतला छोटा हिस्सा, इतकंच होतं. दोन दिवसांचं काम वाटलं. त्याला तीन आठवडे लागले, आणि त्यातले बहुतेक त्या छोट्या हिश्श्यात गेले.

आधी एक गोष्ट पक्की करा. इंड एएस 113 हे भारतीय लेखामानक ज्याला फेअर व्हॅल्यू म्हणतं, ती विकणाऱ्याच्या हातात पडणारी किंमत आहे. आपण कितीला घेतलं, हा प्रश्नच नाही. ताळेबंदाच्या तारखेला, कुणाचीही सक्ती नसताना, बाजारातल्या जाणत्या माणसाला ही मालमत्ता विकली असती तर काय आलं असतं? अडचणीत सापडून पडत्या भावात केलेली विक्री इथे प्रमाण धरत नाहीत. आणि सगळ्याच मालमत्तेला हे लागू नसतं. फक्त मुद्दल आणि व्याज वसूल करण्यासाठी धरलेलं साधं कर्ज इंड एएस 109 प्रमाणे ॲमॉर्टाइज्ड कॉस्टवर, म्हणजे बाजारभावाऐवजी मूळ रकमेतून परतफेड आणि व्याजाचा हिशेब धरून काढलेल्या किमतीवर, राहतं.

लिस्टेड शेअरचं काम खरंच सोपं. 31 मार्चचा भाव गुणिले संख्या. त्या दिवशी बाजार बंद असेल तर आधीच्या ट्रेडिंग दिवसाचा भाव. ही लेव्हल 1, म्हणजे थेट बाजारातला भाव; किमतीमागचे आकडे कुठून आले यावरून मानक अशा तीन लेव्हल करतं. कंपनीचे अकाउंटंट म्हणाले, ‘एवढे शेअर एकदम विकायला काढले तर भाव पडेल, थोडं कमी धरू या.’ मला ते पटलंही होतं. पण लेव्हल 1 मध्ये तशी सूट चालत नाही, आणि ब्रोकरेजही वजा करायचं नसतं.

बाँडचे सौदे रोज होत नव्हते. अशा वेळी तशाच रेटिंगच्या (पतमानांकनाच्या), तेवढ्याच मुदतीच्या बाँडचं यील्ड, म्हणजे बाजार मागतो तो वार्षिक परतावा, पाहून किंमत काढतात. हजार रुपयांचा, वर्षाला 8 टक्के व्याज देणारा बाँड दोन वर्षांनी फिटणार आहे आणि बाजार 9 टक्के मागतोय, असं धरा. पुढच्या वर्षीचे 80 आणि त्यानंतरचे 1,080 रुपये 9 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की साधारण 982 रुपये येतात. यील्ड बाजारात दिसतं, म्हणून ही लेव्हल 2. इथे रेटिंगची तारीख जरूर बघा. 2018 मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीचं रेटिंग काही आठवड्यांत तळाला गेलं होतं. जुनं रेटिंग धरून काढलेली किंमत किती फसवी असते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आता तो अनलिस्टेड हिस्सा. व्हॅल्युएशन रिपोर्ट चाळीस पानांचा होता. मी एक्सेलमधला प्रत्येक फॉर्म्युला तपासला, बेरजा जुळल्या, ‘तपासले’ असं लिहून वर्किंग पेपर (तपासणीची नोंद) माझ्या वरिष्ठ मॅडमकडे दिला. त्यांनी एकच विचारलं, ‘कायमची वाढ 6 टक्के धरलीय, ती कुठून आली?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या वर्षी 10 कोटींची रोकड येणार, डिस्काउंट रेट (पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) 14 टक्के आणि कायमची वाढ (त्यानंतर रोकड दरवर्षी वाढत राहील तो दर) 4 टक्के धरली, तर 10 कोटींना या दोन दरांतल्या फरकाने भागून व्यवसायाची किंमत 100 कोटी येते. वाढ 6 टक्के केली की तीच 125 कोटी होते. एकही फॉर्म्युला चुकलेला नसतो. लेव्हल 3 मध्ये बाजारात न दिसणारे असे आकडे माणसं ठरवतात, म्हणून प्रत्येकाचा उगम विचारावा लागतो. आमच्या कामात तो 6 टक्क्यांचा आकडा मॅनेजमेंटच्याच प्रोजेक्शनमधून (पुढच्या वर्षांच्या अंदाजातून) आला होता आणि व्हॅल्युअरने तो तसाच उचलला होता. गेल्या वर्षीची प्रोजेक्शन काढून प्रत्यक्ष विक्रीशेजारी मांडली, तेव्हा दरी उघड दिसली. वाढीचा दर खाली आला, हिश्श्याची किंमत उतरली, आणि हा आकडा बदलला तर किंमत किती हलेल, ते ताळेबंदासोबतच्या टिपेत लिहिलं गेलं.

नव्याने शिकणाऱ्यांनी एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून आधी ही फेअर व्हॅल्यूची टीप काढावी. लेव्हल 3 ची सुरुवातीची शिल्लक, वर्षातली खरेदी-विक्री, नफा-तोटा आणि अखेरची शिल्लक असा तक्ता तिथे असतो. मी आजही कुठल्याही नव्या ऑडिटचं काम तिथूनच सुरू करते.