सर्वाधिक चाल काढताना या चुका टाळा

गावाकडच्या कॉलेजात बारावी सायन्सला बसणारे बरेच पोट्टे दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. चाल आणि वेग यांतला फरक त्यांनी नववीतच शिकलेला असतो. पण स्पीड (चाल) आणि वेलॉसिटी (वेग) हे शब्द आले की दोन्हीला ‘वेग’ म्हणायची सवय लागते आणि मार्क तिथेच जातात.

वेगाला दिशा दाखवणारं धन-ऋण चिन्ह असतं, चालीला नसतं. समजा, क सेकंदांनी कणाचं विस्थापन स = क³ − ९क² + १५क मीटर आहे आणि क १ पासून ५ पर्यंत जातो. डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घेतलं की वेग ३क² − १८क + १५, पुन्हा घेतलं की त्वरण ६क − १८. सर्वाधिक कुठे ते शोधायला त्वरण शून्य ठेवल्यावर क = ३, वेग −१२. पुढचं डेरिव्हेटिव्ह ६, म्हणजे धन. मग ‘इथे वेग किमान’ असं लिहून हे उत्तर खोडलं जातं. दोन्ही टोकांना तर वेग शून्य! खरं पाहता तिसऱ्या सेकंदाला कण उलट दिशेने सेकंदाला १२ मीटर पळतोय, आणि सर्वाधिक चाल तीच.

तोच कण क = ० पासून घ्या. सुरुवातीलाच वेग १५, म्हणून उत्तर १५. सूत्र तेच, फक्त अंतराल (क कुठून कुठपर्यंत जातो तो टप्पा) बदलला. प्रश्नातला अंतराल आधी अधोरेखित करा.

कधी त्वरण शून्य होतच नाही. उन्हाळ्यात पाणी काठापासून १५ मीटर खाली गेलेली विहीर घ्या. काठावरून दगड सेकंदाला १० मीटरने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण १० धरलं, तर काठापासूनची उंची १०क − ५क², वेग १० − १०क, त्वरण कायम −१०. इथे अडलेले पोट्टे वेगच शून्य ठेवतात आणि क = १ लिहून मोकळे होतात. ती सर्वाधिक उंची झाली, ५ मीटर. चाल तिथे सगळ्यात कमी. उंची −१५ ठेवा, क = ३ मिळतो (−१ सोडून द्या). टोकांना वेग १० आणि −२०, म्हणून सर्वाधिक चाल २०, पाण्यावर आदळतानाची. क = ४ घालून ३० काढू नका, तोवर दगड पाण्यात गेलेला असतो.

एकक शेवटी तपासा. सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावरच्या एसटीइतकं. ३.६ ने गुणायच्या जागी भागलं तर साडेपाच येतात, सायकलही त्याहून जोरात जाते.