ओहोळ वाहतोय तोवरच अडवा: शहापूर-मुरबाडच्या भेंडीवाल्यांसाठी

भातकापणी आटोपली की सगळ्यांचं लक्ष झोडणीकडे असतं, आणि नेमकं त्याच पंधरवड्यात ओहोळाचं पाणी निघून जातं. इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच धरणांच्या शेजारच्या पाड्यांवर एप्रिलात टँकर येतो. ते भांडण एवढ्यात सुटत नाही. पण ओहोळ तर आपल्या हातात आहे! भेंडी सुकते फेब्रुवारीअखेर, ऐन तोड्यात. चूक झालेली असते नोव्हेंबरात.

हिशोब करा. 10 गुंठे भेंडीला ठिबकवर रोज 4 मिमी धरलं तर 4,000 लिटर, म्हणजे 90 दिवसांत 3.6 लाख लिटर. 30 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल डोहात मावतं 75,000 लिटर. एका बंधाऱ्यावर पीक निघत नाही. धार चालू असताना एकाखाली एक तीन-चार घातले, तर डोह पुन्हा पुन्हा भरतात आणि काठच्या विहिरींत पाणी झिरपत राहतं. धार आटल्यावर बांधलेला वनराई बंधारा (माती-वाळू भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध) फक्त फोटोपुरता.

जागा अरुंद, काठ उंच. तळातली वाळू-गोटे काढून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणा; हे टाळलं की पाणी खालून पळतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊणच भरा. गच्च भरलेली गोणी नीट बसत नाही, फटी राहतात. तोंड सुतळीने शिवा, विटांसारखे सांधे मोडून रचा. उंची 3 फूट तर तळाची रुंदी किमान साडेचार. दोन्ही काठांत दीड-दोन फूट घुसवा आणि मधला भाग एक थर खाली ठेवा, नाहीतर बंधारा बगलेने फुटतो. पाण्याच्या बाजूने चिकणमाती ठेचा.

कोल्हापुरी बंधारा (पक्क्या खांबांमध्ये फळ्या टाकून पाणी अडवायचा) असेल तर परतीचा पाऊस ओसरताच फळ्या टाका. त्याआधी रबर सील तपासा. फाटलेल्या सीलमधून रात्रंदिवस गळती होते.

भेंडीची बाकीची कामं:
- बियाणे गुंठ्याला 100 ते 120 ग्रॅम, अंतर 30 × 15 सेंमी
- नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी 100:50:50 किलो. नत्र तीन हप्त्यांत
- पांढरी माशी: पिवळे चिकट सापळे, 5 टक्के निंबोळी अर्क
- केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू रोग) झालेलं झाड दिसताच उपटून पुरा

पाणी धरणारी पावडर दुकानदार हमखास पुढे करेल. पावडर पाणी तयार करत नाही, दिलेलं धरते. डोहच कोरडा असेल तर पैसे गेले. त्याऐवजी गुंठ्याला 50 किलो पेंढा किंवा वाळलं गवत अंथरा. पाण्याचा ताण पडलाच तर 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट हे विद्राव्य खत) एका लिटरला 10 ग्रॅम, संध्याकाळी फवारा. आणि आमचा अंदाज: जानेवारीतच डोह रोज बोटभर उतरायला लागला, तर निम्मं क्षेत्र तेव्हाच सोडून द्या.

पाणी घ्यायची पाळी पेरणीआधी ठरवा, मार्चात नव्हे. ओहोळाच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने 5 एचपीची मोटर लावली की डोह काही तासांत उपसला जातो, मग पाइप कापण्यापर्यंत मजल जाते. डोहात खुणा केलेला खांब रोवा. पाणी फूटभर उरलं की सगळ्यांच्या मोटरी बंद, उरलेलं गुरांना. कोणाला किती गुंठे, कुठल्या वारी पाणी, हे कागदावर सह्यांनिशी हवं.

मे संपायच्या आत कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या काढून उंचावर रचा. पहिल्या पुरात अडकलेल्या फळीमुळे पाणी काठ कापून खाचरात शिरतं.